पाच नंबरचा डबा कुठला?

…आणि वर तो तेलवाला मलाच विचारतो, 'काका, तुम्हाला तेल पाहिजे की भांडण पाहिजे?' मला विचारतो! अरे, चाळीस वर्षं खडीचा टिपर चालवलाय मी, तुझ्या अख्ख्या दुकानात नसेल तेवढं तेल माझ्या नखांत अडकलंय! तुम्हाला सांगतो, मी संशयी माणूस नाही. अजिबात नाही. फक्त विचारतो. विचारायला काय जातं?

पण तुम्हाला असं मधूनच सांगून काही कळायचं नाही. मुळात गाडी आली कुठून ते ऐका. गाडी साडूची. साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लाल गाडी, दोनच सीटा, हातानं टाकायचे गिअर, आणि बुटकी इतकी की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं, आधी एक पाय, मग दुसरा, मग देवाचं नाव. पळायच्या कामाची गाडी. साडू म्हणाले, 'घेऊन जा. माझे गुडघे गेले, क्लच दाबवत नाही.' मी म्हटलं, देणंघेणं काय? तर म्हणाले, 'काही नाही. फुकट.'

फुकट! इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या माणसानं स्वतःच्या लग्नातला एक फोटो मी मागितला तर 'बघून परत द्या' म्हणून सांगितलं, तो गाडी फुकट देतो? का देतो? तुम्ही द्याल? वर मुदत घातली. 'पंधरा दिवस चालवून बघा. पंधराव्या दिवशी रविवार येतो, ठेवायची तर तोवर सांगा, नाहीतर आमच्या शेजारचा दातांचा डॉक्टर टपून बसलाय, त्याला देईन.' आता दातांच्या डॉक्टरला काय कळतं गाडीतलं? उपटायचं तेवढं कळतं!

आता खरं सांगू का? मला ठेवायची होती. झालं समाधान? चाळीस वर्षं टिपर मालकाचा, पाना मालकाचा, हॉर्नसुद्धा मालकाचा, तो वाजवताना पण वाटायचं दुसऱ्याच्या तोंडानं शिव्या देतोय. एक गाडी आपली असावी म्हणतो मी, यात वाईट काय?

पण गाडीत खोट होतीच. असणारच! सकाळी गाडी थंड असली आणि दुसरा गिअर टाकला की खर्र्र्र्रर… असा आवाज, की झाडावरचे पक्षी उडायचे. पहिल्याच दिवशी ही शेजारी बसली होती. दोन्ही हात कानांवर. म्हणाली, 'अहो, ही गाडी आहे की गिरणी? हा आवाज त्या रविवारपर्यंत गेला नाही तर गाडी परत. मी यात बसणार नाही आणि दारातही ठेवून घेणार नाही.' आणि ही एकदा बोलली की बोलली. आमच्या घरात कोर्ट, वकील, फिर्यादी सगळं तीच, मी फक्त तारखा घेतो.

साडूंना फोन लावला. म्हणतात, 'हात्तिच्या! तेल बदला हो नुसतं. गिअरबॉक्सचं एक आणि मागचं एक. लोण्यासारखा पडेल गिअर.' म्हटलं, तुम्ही कधी बदललं होतं? तर म्हणाले, 'मी? बारा वर्षांत हातच लावला नाही.' घ्या! बारा वर्षं स्वतः लोणी नाही खाल्लं आणि मला चव सांगतोय! मी संशयी नाही, पण विचारायला काय जातं?

तर गेलो त्या तेलवाल्याकडे. बडबड्या माणूस. जो जास्त बोलतो तो काहीतरी विकत असतो, हे ध्यानात ठेवा. म्हणाला, 'काका, तुमच्या गाडीला दोन वेगळी तेलं लागतील. गिअरबॉक्सला चार नंबर. आणि मागच्या दोन चाकांच्या मधे तो गोळा असतो ना, डिफरन्शियल, त्याला पाच नंबर.' मी म्हटलं, पाच मोठा की चार? तो म्हणाला, 'काका, तसं नसतं.' म्हटलं, शाळेत मी तिसरीपर्यंतच गेलो, पण पाच चारापेक्षा मोठा हे दुसरीतच शिकवलं होतं. मग चांगलं तेल मागच्या गोळ्याला, आणि जिथं दुखतंय तिथं हलकं? पाचच दे दोन्हीकडे! तेव्हा म्हणाला तो, तेल पाहिजे की भांडण.

निघालो तिथून आणि गेलो मेकॅनिककडे. त्याचं नाव आम्ही मौनी ठेवलंय. दिवसाला पाच शब्द बोलतो, त्यातले दोन 'हं.' आणि जो बोलत नाही तो काहीतरी लपवत असतो, हेही ध्यानात ठेवा. त्याला विचारलं, गिअरबॉक्सला पाच नंबर घातलं तर? तो आत गेला, एक पितळी कडी घेऊन आला, माझ्या तळहातावर ठेवली. तिच्या दात्यांचं पार पीठ झालेलं. म्हणाला, 'पाच नंबर पितळ खातं.' झालं, संपला दिवसाचा कोटा! मग मीच खोदून खोदून काढलं एकेक. गिअरबॉक्समधे अशा पितळी कड्या असतात, त्यांच्यामुळे गिअर गुपचूप पडतो. पाच नंबरमधे गंधक जास्त, ते पितळेला लागतं, शिवाय ते इतकं बुळबुळीत की कडीला पकडच राहत नाही. आणि उलट, मागच्या गोळ्यात चार नंबर घातलं तर ते तिथला भार सोसत नाही, दाते एकमेकांना चावून खातात. म्हणजे अदलाबदल झाली तर पुढून पण गेली आणि मागून पण गेली!

आता दोघं एकच सांगतायत म्हटल्यावर मला वाटलं, यांचं साटंलोटं असणार. दोन दिवस सकाळी समोरच्या बाकावर बसून पाहिलं, तेलवाला मौनीकडे येतो का. नाही आला. मग गाडीच्या खणातलं कंपनीचं पुस्तक काढलं. अक्षरं मला फार लागत नाहीत, पण आकडे लागतात. गिअरबॉक्सच्या चित्राखाली चार, मागच्या गोळ्याच्या चित्राखाली पाच. आता हे तिघं मिळालेले म्हणावेत, तर पुस्तक छापलंय बारा वर्षांपूर्वी! एवढ्या आधीपासून माझ्याविरुद्ध कट कोण करेल? मुकाट्यानं दोन्ही तेलं मागवली. ती दुकानात नव्हती, बाहेरून यायला आठ दिवस. शुक्रवारी आली. शनिवारी बदलायची, रविवारी साडूला जबाब. म्हणजे चुकायला जागाच नाही.

शुक्रवारी मौनी म्हणाला, 'उद्या गाडी सोडा. संध्याकाळी न्या.' सोडा? म्हणजे मी बघत नसताना? म्हणजे हा माझ्या सीलबंद बाटल्या कपाटात ठेवणार, गाडीत पिंपातलं काळंबेरं ओतणार, आणि माझं तेल तिसऱ्याच्याच गाडीत जाणार! असं होत नाही म्हणता? होतं! मी संशयी नाही हं. पण मी काय केलं, ऐका, आणि ऐकून माझ्या डोक्याला दाद द्या. घरी दोन पत्र्याचे डबे होते, एकासारखा एक. स्वच्छ पुसले. एकात चार नंबर ओतलं, दुसऱ्यात पाच नंबर. म्हणजे लेबल नाही, सील नाही, महागाचं काय नि हलकं काय मौनीला कळणारच नाही! आणि रिकाम्या बाटल्या? त्या तशाच टाकल्या तर भेसळवाले उचलतात, त्यात भलतंच भरतात आणि पुन्हा विकतात. म्हणून करवतीनं कापल्या. बारीक तुकडे. कचऱ्याची गाडी आली, तिच्यात स्वतःच्या हातानं टाकले.

तुम्ही म्हणाल, डब्यांवर खूण करायची. खूण? खूण केली तर मौनीला कळलं नसतं का? ओतायचं मीच, म्हणून डोक्यात ठेवलं. डावीकडचा गिअरबॉक्सचा, उजवीकडचा मागचा. एवढंच. मग डबे फळीवरून उचलले, अंगणात नेले, पायरीवर ठेवले, आणि तिथं उभं राहून विचार केला… डावीकडचा म्हणजे फळीसमोर मी उभा होतो तेव्हाचा डावा, की पायरीकडे तोंड केल्यावरचा डावा? आणि दोन हातांत दोन डबे घेऊन दारातून आडवा निघालो, तेव्हा एकदा खाली ठेवून पुन्हा उचलले होते… ते कुठल्या हातात कुठला?

घाम फुटला मला. भर अंगणात. झाकणं उघडली. दोन्ही पिवळं. दोन्ही घट्ट. बोटावर घेऊन चोळलं, दोन्ही बुळबुळीत. मौनी म्हणाला होता, पाच नंबरला गंधकाचा वास, सडक्या अंड्यासारखा. पण माझं नाक डिझेलनं केव्हाच खाल्लंय. मला गुलाब आणि गटार दोन्ही सारखंच! पुन्हा मागवायला आठ दिवस, हातात एक रात्र. मौनीला विचारू? म्हणजे ज्याच्यापासून लपवलं त्यालाच विचारू, 'बाबा रे, मी तुझ्यापासून काय लपवलंय ते जरा सांग'?

घरात चालणारं नाक एकच. हिचं. शेजारणीचं दूध करपायच्या आधी हिला कळतं. पण ही म्हणजे जिला गाडी नको आहे ती! हिनं उलटं सांगितलं की गाडी कायमची गेली, हात न लावता! तरी दुसरा इलाज काय होता? हाक मारली.

'अगं, जरा वास घे बघू. कुठल्यात गंधक जास्त आहे?'

आली. ओल्या हातांनीच आली. एका डब्यावर वाकली, दुसऱ्यावर वाकली. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बरं, वास डब्याला येतोय की माझ्या अंगाला?

'हा,' म्हणाली. डावीकडच्या डब्यावर बोट. 'याला वास जास्त.'

'नक्की?'

'नक्की. उजवा डबा गिअरबॉक्सला घाला.' आणि गेली आत.

नक्की म्हणाली! इतक्या पटकन! मी पायरीवरच बसलो आणि लावला हिशेब. हिला गाडी नको. म्हणजे ही खरं सांगेल का? नाही. म्हणजे खोटं सांगितलं. म्हणजे वास उजव्याला आहे. म्हणजे डावा गिअरबॉक्सला. सरळ आहे की नाही? तरी रात्रभर पाय हलत होते. पहाटे एकदा वाटलं, बायको आहे आपली, एवढं वाईट कशी वागेल. मग वाटलं, बायको आहे आपली, एवढं चांगलं कशी वागेल?

शनिवारी मौनीच्या दारात मी पहिला. गाडी वर उचलली. त्यानं आधी वरचं, भरायचं बूच सैल केलं. मी ओरडलो, अरे, आधी खालचं सोडून जुनं काढ! तो म्हणाला, 'आधी भरायचं उघडतंय का बघावं. मग रिकामं करावं.' हे मात्र पटलं मला. रिकामं केलं आणि भरायचं बूचच अडकलं तर गाडी जागची हलायची नाही. जुनं तेल निघालं ते काळं, त्यात पितळेचा चुरा चमकत होता, सोनाराच्या दुकानात झाडल्यासारखा. मग मौनीला दहा पावलं लांब उभं केलं. ओतणार मी! डावा डबा गिअरबॉक्समधे. उजवा मागे. मौनीला दिसू नये म्हणून डबा छातीशी धरून ओतला, तर वाटीभर तेल शर्टनंच प्यायलं. मौनी बघत होता. म्हणाला, 'हं.' या 'हं'चा अर्थ मी अजून शोधतोय.

रविवारी सकाळी गाडी थंडगार. ही शेजारी बसली. हात कानांकडे अर्धे वर नेऊन ठेवलेले. चालू केली. पहिला गिअर. थोडी पळवली. क्लच दाबला. दुसरा… माझे डोळे मिटले हो, रस्त्यावर, चालत्या गाडीत, मिटले!… टक.

एवढंच. टक. पक्षी जागचा हलला नाही.

मी गाडी कडेला घेतली आणि ओरडलोच. 'पकडली! तू खोटं सांगितलं होतंस मला! वास उजव्याला होता! मी ओळखलं आणि उलटं ओतलं, म्हणून वाचली गाडी!'

तिनं कानांकडचे हात सावकाश खाली घेतले. म्हणाली, 'हो. उजव्यालाच होता. म्हणून तर डावा सांगितला.'

'म्हणजे?'

'म्हणजे काय? खरं सांगितलं असतं तर तुम्ही उलटं ओतलं असतं. आठवडाभर बघतेय, दुपारी सगळे झोपले की बंद गाडीत जाऊन बसता, तोंडानं ब्रूम ब्रूम करता आणि वळणं घेता. सत्तरीचा माणूस. परत दिली असती तर जेवला असतात का नीट?'

तुम्हाला सांगतो, साडू खरं बोलला, तेलवाला खरं बोलला, मौनी खरं बोलला, पुस्तक खरं बोललं, आणि त्यातल्या एकावरही मी विश्वास ठेवला नाही. सगळ्या जगात मला फसवलं एका बायकोनं, आणि तिनं फसवलं म्हणून गाडी वाचली!

गाडी राहिली हो. घरात शांतता आहे. पण काल संध्याकाळी फिरून आलो, दार उघडून दिलं तिला, तर उतरता उतरता हसून म्हणाली, 'गाडी चांगली आहे. आणि तुम्हीही चांगलं चालवता.' तेव्हापासून अन्न गोड लागत नाही मला. मी संशयी नाही… पण हे आता सुलटं धरायचं की उलटं? आणि विचारायचं तरी कुणाला? सांगणार तर तीच!