जागापालट

नाई नाई म्याडम, आधी बसा. असं दारात उभं राहून आजाराचं नाव घेऊ नका, शेजारीण लय कानाची हाये. त्या खाटेवर बसा, ते ढेपीचं पोतं सरकवा तिकडं. चहा ठेवू? बकरीच्याच दुधाचा— नको? उकयलेलं चालते असं तुम्हीच त सांगतलं मांगच्या बुधवारी, बकऱ्याईचं रगत काढाले आल्या तव्हा. बरं, राहू द्या. मी नाराज नाई होऊन राह्यली. मले एवढंच सांगा, चौदा बकऱ्यातल्या सात? साताईत निघालं ते? अन् दिसाले कशा दिसते पाहा— रवंथ करून राह्यल्या मस्त, अंगावर तेल लावल्यासारखी चमक हाये. आजारी जनावर असं दिसते काय कुठं? यांचं त घाटंजीच्या बजारात मिरवाले चालल्यासारखं तोंड हाये. तुमच्या कागदात चूक होऊ शकते ना म्याडम? नाई होत. बरं.

घरात कोन कोन? लिहा— सत्यभामा, एकटी. नवरा जाऊन नऊ वर्सं झाली. लेक एक, मोनाली, ते देली लग्न करून बोरी अरबले. बस, एवढंच घर. काय? पोटुशी बाई? या घरात? अवं म्याडम, मले म्हतारीले इचारता काय हे! लिहा, कोनी नाई. आता त्या दोरीवरच्या साडीकडं काहून पाहून राह्यल्या? माहीच हाये. नेसते कधीमधी. विधवेनं हिरवं नेसू नाई काय? आम्ही बौद्ध हाओत, आमच्यात नाई पाहात ते.

गाभडलेल्या किती? यंदाच्या तीन, मांगच्या साली दोन. चौथा महिना सरत आला, वियाले जेमतेम महिना उरला, का टाकून द्याच्या. अन् वार नाई पडाची. मंग ते कोन काढनार? मीच. माह्याच घरच्या नाई, गावातल्या साऱ्याईच्या. पुंडलिकरावाच्या गायीची वार दोन दिवस लटकून होती, मोठा शेतीवाडीचा मानूस, नाकाले दुपट्टा लावून लांब उभा— म्या कोपरापर्यंत हात घातला अन् काढली अख्खी. हाताले गुन हाये म्हन्ते लोकं माह्या. तांड्यावरची सुखीबाई त तिची बकरी कन्हली का मलेच बलावते, घरचं जेवन सोडून जाते मी. हातमोजे? कुठचे हातमोजे म्याडम! बांगड्या वर साराच्या, खोबऱ्याचं तेल लावाचं अन् हात घालाचा. झालं का राखेनं घासून घ्याचे. सकायी या कोठ्यात, दुपारी त्या कोठ्यात— असं काय पाहून राह्यल्या हाताकडं? धुतलेले हायेत. आजच काय, दिवसातून दहादा धुते मी आता. वास जात नाई, म्हून धुते. तुम्हाले येते काय वास? नाई येत ना. मलेच येते मंग.

ताप? येते ना. मले बी येते. सकायी काही नाई, चांगली कापूस वेचाले जाते, अन् दिवस कलला का अंगात भरते. मंग घाम असा का लुगडं पियाचं. कंबर, गुडघे, हे बोटाईचे सांधे. दवाखान्यात गेलती, त्यानं मलेरियाच्या गोया देल्या, मंग टायफाइडच्या देल्या, मंग म्हने बाई वय झालं. वयाचाच ताप असंन त मोनालीले काहून येते हो, ते त चोवीस वर्साची— नाई, म्हंजे फोनवर सांगते ते. फोनवर बोलते ना आम्ही.

टाकलेल्या बकऱ्या कुठं गेल्या? बरं इचारलं. त्याचं असं हाये म्याडम, आमच्या इकडं जागापालट असते. तुमच्या पुस्तकात नसंन. बकरीनं गाभ टाकली त ते बकरीचं नाई, जाग्याचं समजाचं. त्या खुंट्यावर तिची गाभ टिकत नाई. मंग तिले दुसऱ्या गावात, दुसऱ्या कोठ्यात न्याचं. जुनं दावं सोबत न्याचं नाई, ते इथंच जायून टाकाचं. नव्या दारात लिंबाचा पाला चारला का झालं. अंधश्रद्धा म्हना तुम्ही, मी बी म्हन्ते, घरात बाबासाहेबाचा फोटो हाये माह्या— पन हे देवाधर्माचं नाई ना, हे जाग्याचं हाये. अन् गुन येते, म्याडम! शंभर टक्के येते. एकदा टाकलेली बकरी नव्या जाग्यावर गेली का धडधाकट पिल्लं देते. म्या आठ बकऱ्याची करून देली जागापालट, आठाईच्या आठाई वियाल्या. लोकं मले—

काय म्हन्ता? जागा न पालटता बी वियाल्या असत्या? एकदाच टाकते? पुढच्या वेयेले आपोआप टिकते, अन् आजार आतमधीच राह्यते?

दुधात बी?

थांबा. थांबा म्याडम, पानी पिऊ द्या मले. म्हंजे बकरी बरी झाली नव्हती. आठाईच्या आठाई बऱ्या झाल्याच नव्हत्या, अन् मी त्याईले लोकाईच्या घरात पोचवून राह्यली होती. सुखीबाईच्या सुनेचं पोटातलं बी उन्हाळ्यात... नाई, ते पडली होती म्हने विहिरीजवय. पडली होती. असं नका करू तुम्ही, साऱ्या गावाचं माह्या एकटीच्या डोक्यावर नका टाकू. म्या काही कोनाचं वाईट केलं नाई. मी त फुकट जात होती, चहा बी नाई पेत होती कोनाच्या घरी. आता घरी बी काय लागते मले— सकायी दोघीपुरतं दूध काढते, बाकी पिल्लाईले सोडते.

दोघी म्हंजे— मी अन् मांजर.

अशा पाहू नका. बरं हाये, ऐका मंग, पन तो पेन ठेवा खाली. ठेवा. मोनाली घरात हाये. आतल्या खोलीत झोपली हाये, पाचवा महिना हाये तिले. हळू बोला. अडीच महिने झाले, म्याच आनलं तिले बोरीहून. मांगच्या साली गेलं ना तिचं, सातव्या महिन्यात. मंग म्या इचार केला का त्या घरात टिकत नाई तिले, तो जागाच खराब हाये. जवाई, धम्मदीप, भला मानूस, म्हने न्या आत्या. तिची एक चिंधी सोबत घेऊ देली नाई म्या. यवतमायच्या बसस्टँडवर, बायाईच्या संडासात, तिची साडी सोडवली अन् माही नेसवली, तिची तथीच टाकून देली. पोरगी लाजून लाजून मेली. म्हने माय, मी काय बकरी हाओ काय? मी हसली. म्हन्लं, बकरीले गुन येते त लेकीले नाई येनार काय.

अन् इथं आनून तिले रोज सकायी गिलासभर दूध देते मी. कच्चं. धार काढल्याबरोबर, फेसासकट— उकयल्यानं ताकद मरते असं माही माय सांगे. आतापर्यंत कोनत्या बकरीचं देलं? साऱ्याईचं देलं, म्याडम. जे भेटंन तिचं देलं. त्या साताईचं बी.

मले एक सांगू द्या, कोनाले सांगतलं नाई. काबरी होती माही, ठिपक्याची. सगळ्यात पयले तिनं टाकलं, अडीच वर्सं झाली असंन. म्या काढलं ते पिल्लू. पुरं झालं होतं, फक्त डोये चिकटलेले, अन् खूर मऊ, दाबले त बोट रुतंन असे. त्याले मीठ टाकून पुरलं मांगं, सीताफयाच्या बुडाशी. मंग मांगच्या साली बोरीच्या दवाखान्यात नर्सनं मोनालीचं कापडात बांधून माह्या हातात देलं. पाहू नाई म्हने आजी. म्या पाह्यलं. डोये चिकटलेले. बोटाले नखं आलते, मऊ मऊ. पोरगी होती. अन् हात तोच म्याडम, हाच. त्याले बी मीठ टाकलं म्या. तव्हापासून वार काढाले हात आत घातला ना, का मले भेव लागते. वाटते का आतून आता कोनी माहं बोट धरंन. मी डोये मिटून काढते. लोकाईले वाटते बाई मंत्र म्हन्ते.

काबरी कुठं हाये? बोरीले. मोनालीच्या सासरी. हो, म्याच देली, पोरीले पयल्यांदा दिवस गेले तव्हा. जागापालट बी होईन अन् लेकीले दूध बी भेटंन. सासू तिची टोमणे मारे, मायेरून रिकाम्या हातानं आली म्हने. मंग मी काबरी घेऊन गेली, दारात लिंबाचा पाला चारला, अन् सासूचं तोंड बंद झालं एकदाचं. दोन पिल्लं देले काबरीनं तथी, झकास. पोरीले वाटलं मायनं लय मोठी वस्तू देली. रोज प्याली ते.

आता हे बी ऐकून घ्या, मंग जा. तुमच्या आधी जे जनावराचे साहेब होते ना, बदली झाली ते, त्याईले म्या दाखोली होती काबरी, टाकल्यावर. त्याईनं सांगतलं होतं मले. याच खाटेवर बसून. म्हने मावशी, हे बकरी कोनाले देऊ नका, विकू नका, हिचं दूध कच्चं पिऊ नका, घरात पोटुशी बाई असंन त तिले जवय बी येऊ देऊ नका. असं स्वच्छ सांगतलं होतं. म्या हो म्हन्लं. मले ऐकू आलतं, म्याडम. समजलं बी होतं. पन सासू बोलून राह्यली होती, अन् मले वाटलं साहेब लोकं सांगतच राह्यते, जागा पालटला का होईन ठीक. मोनालीले माईत नाई. तिले वाटते खोट तिच्यातच हाये. रोज इचारते, माय, माह्यात काय कमी हाये व? अन् मी तिच्या डोक्याले तेल लावते.

यवतमायले मोठ्या दवाखान्यात नेऊ म्हन्ता? तिचं रगत तपासा, औषध हाये म्हन्ता? पोटातल्याले बी वाचवता येईन? येईन का येऊ शकते, नीट सांगा. … पन मंग तिले सांगा लागंन ना. कुठून लागलं, कोनी देलं, कोनाले माईत होतं. ते सारं निघंन. नाई म्याडम. माहं मरन लिहा त्या कागदावर, तिचं नाव लिहू नका. उद्यापासून उकयून देते, पक्कं, बाबासाहेबाची शपथ. तिले पोरगं होऊ द्या, मंग मी सोताच सांगीन. आता उठा तुम्ही. जा बाप्पा, बकऱ्याईचं काय कराचं ते करा, न्या त्या साती, पन जा. उठा ना. मांगं काय पाहून राह्यल्या? माह्याकडं पाहा, मी बोलून राह्यली ना तुमच्यासंग—

मोनाली.

कव्हाची उभी हायेस व? झोपली होती ना तू. … हे काय करून राह्यली? बाही काहून वर केली? हात काहून पुढं केला त्याईच्याकडं? खाली कर माय. ह्या जनावराच्या डाक्टरीण हायेत, मोनाली. मानसाचं रगत नाई घेत त्या.

मोनाली.