नेमलेली मैत्रीण

नाही रे, वेळ कसला जातोय माझा, बस की — आण तो कागद, दिसतंय मला, चष्मा लावलाय. हां. म्हणजे तुझ्या अपूर्वाच्या शाळेतही आलं हे सर्वेक्षण. आठवीत ना ती? आणि तू मला विचारायला आलास, की गौतमदादा कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो, त्याला कळेल सही करायची की नाही ते. कळतं रे, तेच तर करत आलोय. हे बघ अभय, यात घाबरण्यासारखं काही नसतं. मुलांना साधे प्रश्न विचारतात — घरी कोण कोण असतं, घर कधी बदललं, मोबाईल किती वेळ बघता, डबा कुणाबरोबर खाता, जवळच्या मैत्रिणी किती — आणि मग काही महिन्यांनी बघतात, कुठलं पोर एकटं पडलं. कशामुळे किती फरक पडतो त्याचं सूत्र बसवतात, त्याला म्हणायचं रिग्रेशन. एकदा सूत्र बसलं की नव्या पोराची उत्तरं त्यात घालायची, ते सांगतं, हे पोर एकटं पडायची शक्यता इतकी. डॉक्टर नाही का बीपी, शुगर, वजन बघून सांगत, हार्टला जपा म्हणून? तसंच. वाईट कुणाच्याच मनात नसतं. कुणाच्याच नव्हतं.

नव्हतं म्हणजे — आमच्या आकांक्षाच्या शाळेत झालं होतं ना हे, ती नववीत असताना. हितेंद्रनेच केलं होतं, माझा विद्यार्थी, पीएचडी करतोय, हुशार पोरगा. आणि आकांक्षा तर तुला माहीतच आहे, जुन्या चाळीत तुमच्याच दारासमोर असायची. गॅलरीत उभी राहून खालच्या क्रिकेटची कॉमेंट्री करायची — मोठ्याने नाही हां, शेजारच्या मानसीच्या कानात. तुझी पण करायची, तू बॉल टाकायच्या आधी पँट वर ओढायचास ती. हसतोस काय, खरंच! बाकी कुणासमोर तोंड उघडणार नाही, पाहुणे आले की आत. पण मानसी आली की मेघना मला म्हणायची, ऐका, लागला रेडिओ. चाळ पाडली, मानसीचे आईवडील वडाळ्याला गेले, आपण इथे या टॉवरात आलो — तरी शाळा एकच होती, त्यामुळे डबा एकत्र, जिन्यात बसणं एकत्र, सगळं तसंच.

तर प्रश्न आला, जवळच्या मैत्रिणी किती? बाकीच्या पोरींनी लिहिलं दहा, पंधरा. आमच्या बाईसाहेबांनी लिहिलं, एक. खरं तेच लिहिलं रे. एकच होती, पण अख्खी होती. आता सूत्राला काय कळणार अख्खी म्हणजे काय, सूत्राला एक म्हणजे एक. त्यात घर नुकतं बदललेलं, आईची हॉस्पिटलात नाइट ड्युटी, भावंड नाही — सगळं एकाच बाजूला जमलं, आणि पोरगी धोक्यातल्या मुलांत आली. हितेंद्रकडे नावं नव्हती, नुसते नंबर, नावं शाळेकडे. आणि शाळेत समुपदेशक म्हणून नवीन बाई लागल्या होत्या, चांगल्या होत्या, मनापासून करायच्या. त्यांनी काय केलं, अशा प्रत्येक मुलाला एक सोबती नेमला. सोबत्याने त्याच्याबरोबर डबा खायचा, गप्पा मारायच्या, आणि शुक्रवारी बाईंना सांगायचं, कसा आहे, काय म्हणतोय. आकांक्षासाठी कुणाला नेमलं असेल? — बरोबर. मानसीलाच. बाईंना वाटलं, ओळख आहे, सोपं जाईल. आणि ती वेडी पोर हो म्हणाली. का नाही म्हणेल? ती तर रोजच करत होती ते.

कळलं कसं सांगतो. मानसीला ताप आला, ती शाळेत आली नाही. तर मधल्या सुट्टीत वर्गातली एक पोरगी आकांक्षाला विचारते — अगदी सहज हां, खवचटपणे पण नाही — “अगं, आज मानसी नाहीये, मग तुझी ड्युटी कुणाला?”

ड्युटी.

घरी आली तर डबा भरलेलाच. मेघनाला सगळं सांगितलं, रडली नाही. दुसऱ्या दिवशी मानसीला विचारलं, खरं का? तिने तिथेच रडायला घेतलं, म्हणे, अगं मी आधीपासूनच तुझी मैत्रीण आहे ना, मी कशाला कुणाच्या सांगण्यावरून — तर आमची म्हणते, “मग शुक्रवारी काय सांगत होतीस?” पंधरा वर्षांची पोर. काहीतरी सांगितलंच असणार की तिने, हसली म्हणाली असेल, पोळी अर्धी टाकली म्हणाली असेल. संपलं. बाक बदलला. मानसी वडाळ्याहून एकटी आमच्याकडे आली होती त्या रविवारी, लिफ्टपाशी उभी राहिली कितीतरी वेळ, मी हाक मारली तरी आत येईना, आणि आतली बाहेर जाईना. मी मधल्या दारात उभा. तुला सांगतो अभय, मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की सरासरी वेगळी आणि माणूस वेगळं, पण त्या दारात उभं राहून मी काय विचारलं, तर सरबत घेणार का.

आणि मग आम्ही. शाळेने आम्हालाही बोलावलं होतं, तिला वेळ द्या, बाहेर न्या, बोलतं करा. मी लवकर घरी यायला लागलो. संध्याकाळी तिला घेऊन शिवाजी पार्कला जायचो, कट्ट्यावर बसायचो, भेळ खायचो, आणि खरं सांगू, मला मजा यायची रे! ती चार शब्द बोलायची, कधी दोनच, पण माझी पोरगी शेजारी बसलीय, समोर पोरं खेळतायत — मला आणखी काय पाहिजे होतं? आणि एके दिवशी भेळ खाता खाता ती थांबली. माझ्याकडे बघितलं पण नाही. म्हणाली, “बाबा, तुला पण सांगितलंय का?”

काय बोलायला पाहिजे होतं मी? सांग ना. सांगितलं तर होतंच. आणि मला आवडत पण होतं. नाही म्हणालो असतो तर खोटं, हो म्हणालो असतो तर त्याहून खोटं. मी ते जुळवत बसलो, कसं सांगू, कुठून सुरू करू — तोवर तिने भेळेचा कागद गुंडाळला, टाकला, आणि चालायला लागली. घरापर्यंत माझ्या पुढे चार पावलं.

मग तिची शाळाच सुटली. पोटात दुखतं, डोकं दुखतं — मग काही कारण पण देईना. म्हणून मालन मावशीकडे पाठवली, नाशिकला, तुला माहीतच आहे. तिथे बरी आहे. हवा चांगली, बाहेरून दहावीचा फॉर्म भरायचा, अभ्यास — नाही. नाही रे अभय. काय सांगतोय मी. नाशिकला गेली होती, महिनाभर पण नाही राहिली. मालन बिचारी रोज नवीन काहीतरी करून घालायची, शेजारच्या पोरी बोलावून आणायची, आणि ही एका पहाटे बॅग भरून दारात उभी. परत आणली. वर आहे ती. सातव्या मजल्यावर, तिच्या खोलीत. गणपतीच्या आधीपासून.

असं बघू नकोस. तुला कसं कळणार? चाळीत असतो तर पहिल्याच दिवशी तुझ्या आईने विचारलं असतं, पोरगी शाळेत का गेली नाही, आणि मेघना चिडली असती, हिला काय करायचंय म्हणून. इथे दार लावलं की लागलं. सहा डिसेंबरला आपल्या स्टॉलवर तू विचारलंस, यंदा आकांक्षा नाही का पाणी वाटायला, मी म्हटलं नाशिक. तू म्हणालास, छान. डॉक्टरकडे? नेतो म्हटलं तर दार उघडत नाही. मेघनाच्या हॉस्पिटलातल्या एक मॅडम आहेत, त्या घरी येऊन दाराबाहेर बसून बोलून जातात, त्या म्हणतात घाई नको. मेघनाशी बोलते थोडं. चहा हवा, आंघोळीला पाणी आहे का, एवढं.

आणि हितेंद्र आला होता मध्ये. पेढे घेऊन. सर, मॉडेल जमलं, ज्यांच्याबद्दल आपण म्हटलं होतं त्यांतली बरीचशी मुलं खरंच एकटी पडली, अंदाज बरोबर आला. माझ्या पाया पडला. मी पेढा खाल्ला अभय. त्याला काय सांगू, तुझ्या त्या बरोबर आलेल्यांत एक आत झोपलीय म्हणून? त्याचा काय दोष? आणि बाईंचा तरी? त्याच वर्गातला एक मुलगा, सोबती मिळाल्यावर बोलायला लागला, आता कबड्डीच्या टीममध्ये आहे, त्याची आई मला भेटली तर शाळेला दुवा देत होती. तो पण खराच आहे ना? म्हणून तर मला कुणावर धड ओरडता पण येत नाही.

काय? — नाही. नाही, अपूर्वाला वर पाठवू नकोस. चांगल्या मनाने म्हणतोयस, ठाऊक आहे मला, पण नको. तिला लगेच कळतं, कोण आपणहून आलंय आणि कोणाला पाठवलंय. आता तर आपणहून आलेलं पण तिला पाठवलेलंच वाटतं. सहीचं तुझं तू बघ, मला नको विचारूस, मी त्यातला राहिलो नाही. फक्त अपूर्वाची जी कोण असेल ना, दोन असोत, एक असो — तिला कुणाला सोबती म्हणून नेमू देऊ नकोस. आणि हे मी बोललो ते मेघनाला कळता कामा नये.

मी इथे बाकावर हवा खायला बसतो असं वाटतं ना सगळ्यांना? मी घरात असलो की ती खोलीबाहेर येत नाही. मेघना ड्युटीला गेली की मी खाली येतो, मग ती हॉलमध्ये येते, जेवते, खिडकीशी उभी राहते. वर बघायचं नाही. एकदा बघितलं होतं, पडदा ओढून घेतला तिने, किती दिवस उघडला नाही. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याला काच आहे ना, तिच्यात आमची खिडकी दिसते, तेवढं मी — थांब.

हळू. दिवा लागला. अभय, वर नको बघू, सांगतोय ना — कागद घे, फोनवर बोलत असल्यासारखा सरळ गेटकडे चालत जा, मागे वळू नकोस, आपल्याला बोलताना बघितलं तर तुलाही नेमलेलाच समजेल ती. ऊठ ना रे. उभी आहे ती. जा.