पेटीतला एकच कागद

— मग बसा ना मॅडम, सर्वे करायचाय तर उभ्या का? पाचवा प्रश्न काय म्हणालात — ‘चूक झाल्यास वरिष्ठांना सांगायला भीती वाटते का?’ — ऐकूनच शिसारी येते मला. वॉर्डाच्या दारातला फळा बघितलात? ‘दोनशे बारा दिवस, एकही चूक नाही.’ रोज आकडा पुसून एकानं वाढवते, मीच. चुका होत नाहीत म्हणून? छे, लिहीत नाही कुणी म्हणून. ती कुलूपवाली पेटी — नाव न घालता कागद टाकायचा म्हणे. टाकला एकीनं, एकदाच. नवी सिस्टर, चिमणी म्हणायचो तिला, एवढीशी पण बोलायला खणखणीत. लिहिलं काय, तर सलाइनच्या आणि पोटॅशियमच्या छोट्या बाटल्या एकाच ट्रेमध्ये असतात, टोपणं दोन्हींची निळी, पोटॅशियम कुलपात ठेवा, थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडेल. चुकीचं होतं काही? नव्हतं. मेट्रनबाईंनी मीटिंग घेतली — ट्रेवर नव्हे हो, अक्षरावर. आठवड्यात चिमणी तळघरात, चादरींच्या घड्या घालायला. ट्रे जागच्या जागी.

असं काय बघताय? अक्षर ओळखलं कुणीतरी. कुणीतरी म्हणजे — तिच्या नोंदी रोज मीच तपासायची ना. बढतीची यादी निघायची होती माझी. जाऊ दे.

सात नंबरच्या खाटेवरच्या आजींचं त्यानंतर दोन महिन्यांनी. घरीच निघाल्या होत्या, केस विंचरून, चपला घालून बसलेल्या. शेवटचं इंजेक्शन द्यायचं, नळी धुवायला मागून थोडं सलाइन ढकलायचं, की सुट्टी. भरदुपारी, लख्ख उजेडात ट्रेमधनं बाटली उचलली, निळं टोपण — “हात जळतोय गं,” म्हणाल्या. मी म्हटलं, झालंच आजी.

...फाइलीत काय लिहिलं? वय झालेलं, हृदय बंद पडलं. मेट्रनबाईंनी सही केली, मी सही केली. अंगावर घातली ती चादर चिमणीच्याच हातची, कडेला कड जुळवलेली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकडा वाढवला मी. घाण वाटते मला — त्या पेटीची, त्या फळ्याची, या हाताची. आणि ट्रे? तिथंच आहे, बघून या हवं तर.

द्या तो कागद इकडे. ‘भीती वाटते का?’ — अजिबात नाही. यात लिहायचं काही नाही ना, नुसती खूण? अक्षर कुठंच नाही? बरं. झाली खूण. पेन घ्या तुमचं, आणि निघा आता.