नैवेद्याआधीचं ध्यान

मंडळी, ऐका! आज आधी एक प्रश्न टाकतो. माणूस डोळे मिटून बसला, श्वास संथ झाला, मन शांत झालं — तेव्हा तो देवाच्या जवळ गेला की माणसांपासून लांब गेला? घाई नको उत्तराची! तिकडे मागं खांबाला टेकलेल्यांचं ध्यान आधीच लागलंय. लागू द्या, उठवू नका. घोरले तर मात्र माझी अब्रू जाईल!

तर कृष्णाकाठी एक गाव. गावात नरहरपंत देवस्थळी, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. घरी पिढ्यान्‌पिढ्यांचे देव. रोज सोवळं नेसायचं, पूजा करायची, मग नैवेद्य. आणि घराचा नियम काय? देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नाही. पाहुणा असो, आजारी असो — नाही म्हणजे नाही!

घरात वेणूआत्या. पंतांच्या वडिलांची बहीण, वय एक्याऐंशी. पंत चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिनं या पोराला पदराखाली घेतलं. अख्खं गाव ‘पंत’ म्हणायचं, आत्या म्हणायची ‘नरू’. आत्याला साखरेचा आजार. साडेदहाला इंजेक्शन टोचून घ्यायचं आणि अकराच्या आत जेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ते निभायचं, कारण अकराच्या आत पंतांचा नैवेद्य झालेला असायचा. घड्याळ चुकेल, पंत चुकायचे नाहीत.

मग काय झालं? पंत गेले ध्यानाच्या शिबिराला. दहा दिवस मौन! गणिताचा मास्तर दहा दिवस गप्प! जुने विद्यार्थी म्हणाले, "अरे, हे आमच्या वेळेला का नाही झालं?"

हसा, हसा! पण ध्यानाची टिंगल करायला मी उभा नाही हं. पंत परत आले ते खरंच निवळून आले. जमदग्नीचा अवतार होता, तो माणूस चहा गार मिळाला तरी गप्प पिऊ लागला. कुणी म्हणालं, "पंत, हे आपल्या धर्मात बसतं का?" पंत म्हणाले, "पूजेला बसलो की देव समोर येतो, ध्यानाला बसलो की माझं मन समोर येतं. मला दोघांशीही बोलायचंय." काय चूक आहे यात? काही नाही!

चूक कुठं झाली? पूजा झाली की देवांपुढंच डोळे मिटायचे आणि मग नैवेद्य, असा क्रम पंतांनी लावला. आधी पाच मिनिटं, मग दहा. संध्याकाळी दत्तमंदिराच्या पायरीवर मंडळी विचारायची, "आज किती वेळ?" पंत सांगायचे, "बारा मिनिटं!" दुसऱ्या दिवशी पंधरा. जन्मभर दुसऱ्यांना मार्क दिले, आता स्वतःला द्यायला लागले!

एक दिवस पंतांनी ठरवलं — आज पुरा तास. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. घरात दोघंच. साडेदहाला पंत बसले आणि साडेदहालाच आत्यानं इंजेक्शन घेतलं.

अकरा वाजून गेले. देवघराला लागून स्वयंपाकघर, मधलं दार उघडंच. आत्या म्हणाली, "नरू, झालं का रे?"

पंतांना शिबिरातलं आठवलं : आवाज येतो, आवाज जातो, त्याच्यामागं धावू नये. पंत मनात म्हणाले, "आवाज."

थोड्या वेळानं — "नरू, हात कापतायत रे माझे."

"आवाज."

अहो, शिकवणाऱ्यानं असं शिकवलं होतं का? मुळीच नाही! घराला आग लागली तर बसून राहा, असं कुठला गुरू सांगेल? पण पंतांची तेवीस मिनिटं उरली होती. संध्याकाळी पायरीवर सांगायचं होतं ना — पुरा तास!

मग नुसतंच "नरू..." आणि भांडं पडल्याचा खणखणाट. पंत मनात म्हणाले, "मांजर असेल."

मंडळी, त्या घरात मांजर कधीच नव्हतं!

साडेअकराला डोळे उघडले. चेहरा प्रसन्न! उठले, नैवेद्याचं ताट आणायला आत गेले — आणि बघतात तर काय? आत्या जमिनीवर पडलेली. घामानं लुगडं चिंब. शेजारी नैवेद्याचं ताट वाढून तयार — वरणभात, वाटीत गोड शिरा. हात लांब केला असता तर घास मिळत होता. पण देव उपाशी होता, म्हणून म्हातारीनं शिताला हात लावला नव्हता.

"आत्या! आत्या गं!" पंत ओरडले. शेजारी धावले, रिक्षा आली, दवाखाना गाठला. शिरेतून साखर दिली. दुपारी चारला आत्यानं डोळे उघडले. पहिला शब्द काय? "नरू जेवला का?"

वाचली हो! पण आख्यान इथं संपत नाही.

गावात बोभाटा झाला. काय म्हणून? "काय समाधी म्हणावी! शेजारी आत्या कोसळली, पंतांना पत्ता नाही!" लोक दवाखान्यात येऊन आत्याला मोसंबी द्यायचे आणि पंतांच्या पाया पडायचे. पहिल्या माणसाला पंतांनी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ओठापर्यंत आलं आणि गिळलं. दुसऱ्याला तर मान खाली घालून आशीर्वादही दिला! त्या रात्री पंतांना स्वतःच्याच हाताची किळस आली.

मंदिराचे विश्वस्त बंडोपंत टेंबे. त्यांनी गुरुवारी सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ! आत्या पहिल्या रांगेत येऊन बसली. शेजारणीनं विचारलं तशी म्हणाली, "माझा नरू तेव्हा देवापाशी होता गं. त्याला कसं ऐकू येणार?"

हे पंतांच्या कानावर पडलं. अंगावरची शाल निखाऱ्यासारखी पोळली हो! त्यांनी ती काढली, घडी घातली, बंडोपंतांच्या हातात दिली.

"मला ऐकू आलं होतं," पंत म्हणाले.

मग ते सगळ्या मंडळींकडं वळले.

"तीन वेळा आलं. समाधी-बिमाधी काही नव्हती. मला तास पुरा करायचा होता... तुम्हाला सांगायला. आणि नंतर तुम्ही पाया पडलात, तेही मी पडू दिलं. मला लाज वाटते. तोंड दाखवायची लाज वाटते."

साठीचा माणूस, रडला! आत्या काठी टेकत उठली, त्यांच्यापाशी गेली. हळूच म्हणाली, पण पहिल्या रांगेला ऐकू गेलं —

"ठाऊक आहे रे मला. तिसऱ्या हाकेला तुझी मान माझ्याकडं वळली होती. मी बघितलं."

बघितलं होतं, मंडळी! आणि आठ दिवस त्याची अब्रू पदराखाली झाकून बसली होती! सांगा, त्या घरात ध्यान कुणाचं लागलं होतं?

पंतांनी ध्यान सोडलं नाही, देवही सोडले नाहीत. पण आता नैवेद्य आधी. आत्या जेवते, पंत समोर बसून बघतात, मग डोळे मिटतात. लाज गेली का? नाही गेली. पंत म्हणतात, जाऊ नये.

आता तुमच्याकडं वळतो. इथं बसताना कितीजणांनी घरी सांगितलंय, "थांब जरा, देवाचं ऐकून येतो"? आरतीआधी उठू नये, अशी रीत आहे. आज मी ती मोडतो. ज्यांच्या घरी कुणी जेवायचं थांबलं असेल, औषधाला थांबलं असेल, त्यांनी उठावं. खुशाल उठावं! आरती आम्ही म्हणू. देव रागावणार नाही, मी त्याच्या वतीनं शब्द देतो.

हं... कोण उठतंय?