पंचवीस वर्षांच्या आतले टाके

आमच्या वर्गाची रांग संग्रहालयात 'अनुदानाच्या अंतिम फेरीतले तरुण कलाकार' या दालनात थांबली होती. समोर आरसे आणि कवड्या लावलेलं मोठं भरतकाम, त्याच्याखाली मायलेकी; लेक आईला बंजारा बोलीत 'याडी' म्हणत होती. बोलायचं नाही असं आमच्या बाईंनी बजावलेलं, म्हणून मी फक्त ऐकलं.

"उज्ज्वला, या पाटीवर काय लिवलं?"

"माझं नाव, याडी."

"अन् माझं?"

"फॉर्म पंचवीस वर्षांच्या आतल्यायचाच होता. तू कशी बसशील त्यात?"

"टाके तं मी घातले. दोन वर्सं."

"डिझाइन माझं होतं ना."

"तुले सुईत दोरा तरी ओवता येते का?"

"हळू बोल. परीक्षक येऊन राह्यले."

"त्यायनं टाका घालून दाखव म्हटलं तं?"

"म्हणूनच तुले आणलं. मी म्हणीन, माझा हात दुखते, आमच्याकडची बाई दाखवते."

"आमच्याकडची बाई."

"एकदाच, याडी. अनुदान भेटू दे."

"बरं. ते टेबलावर वही कायची हाय?"

"अभिप्रायाची. पाहायले आलेले लोकं नाव लिवतात."

"मंग पेन दे. नाव तेवढं लिवता येते मले. अन् तिथं वय नाही इचारत."