मुनव्वर सरांच्या पाठाची उरलेली चार मिनिटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण मंडळाचे आधारवड माननीय पितांबरशेठ, व्यासपीठावरील मंडळाचे सन्माननीय सदस्य, माझे सहकारी शिक्षक, शहादा गावातील पालक बंधुभगिनी, विद्यार्थी मित्रहो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती रेवजीभाऊ व त्यांच्या पत्नी दगूबाई,

या शाळेत शिपाई म्हणून तेवीस वर्षं काढून रेवजीभाऊ आज निवृत्त होत आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या सचोटीबद्दल सांगितलं, वक्तशीरपणाबद्दल सांगितलं. मुख्याध्यापक या नात्याने मीही तेच सांगावं अशी अपेक्षा असणार. पण मला आज दुसरंच सांगायचं आहे. थोडा वेळ लागेल. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

आज एकोणीसशे एकोणसत्तर सालीही आपल्यापैकी किती जणांनी टेलिव्हिजन पाहिलाय? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. मीही पाहिलेला नाही. पण आपल्या शाळेचे विज्ञान शिक्षक पैगंबरवासी मुनव्वर सर त्या टेलिव्हिजनमध्ये जाऊन आले होते. एकोणीसशे बासष्ट साली ते दिल्लीला शिबिराला गेले. तिथे शाळांसाठी टेलिव्हिजनवर विज्ञानाचे पाठ दाखवायचे, आणि एक पाठ सरांना मिळाला. विषय हवेचा दाब. पाठ दिसला दिल्लीत, आणि संपला. चित्र साठवून ठेवायची काही सोय तिथे नव्हती, असं सर सांगत. पण तिथल्या एका तंत्रज्ञाच्या मागे लागून त्यांनी निदान आवाज टेपवर भरून घेतला. ते रीळ पेटीत घालून सर शहाद्याला आले. पेटीवर स्वतःच्या हाताने मराठीत आणि उर्दूत लिहिलं, ‘पुसू नये’.

पुढे काय गंमत झाली, ती जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. सर प्रयोगशाळेत टेप लावायचे आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचे. टेबलाशी उभे राहायचे रेवजी. टेपमधून सरांचा आवाज म्हणायचा, “देखिए बच्चो, अब मैं गिलास उलटा करता हूं,” की इकडे रेवजी भरलेला पेला पुठ्ठ्यासकट उलटा करायचे. “अब हाथ हटाता हूं.” रेवजी हात काढायचे. पाणी पडायचं नाही, आणि वर्ग गप्प व्हायचा. दिल्लीतलं चित्र गेलं होतं, पण आमच्या पोरांना ते रेवजींच्या हातात दिसत होतं.

पासष्टच्या उन्हाळ्यात मुनव्वर सर वारले.

सहासष्टच्या जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मोठे पाहुणे येणार होते. कोण, ते सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही. त्यांचं भाषण टेप करायचं मी ठरवलं होतं. सुरतेहून मागवलेली कोरी टेप वेळेवर आली नाही. पाहुणे दारात, आणि मी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. टेपवर नवं भरलं की जुनं पुसलं जातं, हे मला माहीत होतं. पेटीवरची अक्षरं मी वाचली होती. मराठीत वाचली. मनाशी म्हटलं, पाठ काय, पुस्तकात आहेच. पाहुणे रोज येत नाहीत. आणि मी माझ्या हाताने ते रीळ लावलं.

पाहुण्यांचं ते भाषण त्यानंतर कुणीही ऐकायला मागितलं नाही. मीसुद्धा नाही.

मार्चमध्ये सरांच्या पत्नी चांदबी भाभी शाळेत आल्या. एकदा आवाज ऐकायचा म्हणाल्या. मला नाही म्हणता येईना. रेवजींना काय घडलं होतं ते ठाऊक नव्हतं. त्यांनी भाभींना खुर्ची दिली, मशीन पुसलं आणि टेप लावली. पाहुण्यांचा आवाज आला, “उपस्थित सज्जनहो...” भाभी थोडा वेळ ऐकत राहिल्या. त्यांना वाटलं, पुढे येईल. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सर, इनकी आवाज कहां गई?”

मंडळी, त्या वेळी खरं बोलायला मला किती शब्द लागले असते? मी मशीन बंद केलं आणि म्हणालो, “भाभी, रेवजीकडून चुकून पुसलं गेलं.”

रेवजींनी माझ्याकडे पाहिलं. संमेलनाच्या दिवशी टेप कुणी लावली होती, ते त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं असणार. मग त्यांनी खाली बघून सांगितलं, “हाओ माय, मन्हा हातथीन चूक व्हयनी.”

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण खोटं बोललेल्या माणसाला साक्षीदार रोज समोर नको असतो. आठवड्याभरात मी त्यांच्या सेवापुस्तकात ‘निष्काळजीपणामुळे शालेय वस्तूचे नुकसान’ असा शेरा लिहिला, प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली आणि त्यांना फाटकावर बसवलं. तीन वर्षं ते तिथे बसले. मी रोज सकाळी त्यांच्यासमोरून आत येत होतो, आणि ते उठून उभे राहत होते.

गेल्या सोमवारी या समारंभासाठी त्यांची माहिती लिहायला मी सेवापुस्तक उघडलं. माझंच अक्षर. मी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि विचारलं, “रेवजी, त्या दिवशी खरं का नाही सांगितलं?”

ते म्हणाले, “ती बाई आवाज ऐकाले येल व्हती, सर. आपलं भांडण ऐकाले नही.” मग प्रयोगशाळेच्या टेबलावर हात ठेवून म्हणाले, “पन मंग तुम्ही मले आठून काढं, ते बरं नही करं.”

मी कपाटातून ते रीळ काढलं. त्या मार्चनंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. आम्ही दोघांनी ते लावलं आणि या वेळी बंद केलं नाही. पाहुण्यांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, खट्‌ झालं. आणि पुढे मुनव्वर सर बोलायला लागले. भाषण पाठापेक्षा छोटं होतं. शेवटची चार मिनिटं पुसली गेलीच नव्हती. सर मुलांना विचारत होते, पाणी कशामुळे अडलं असेल. रेवजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी मशीनकडे बघत बसलो.

बुधवारी मी भाभींच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्या शाळेत आल्या. चार मिनिटं ऐकली, पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा ऐकली. रेवजींना म्हणाल्या, “भाई, तीन साल फाटक से गुजरी, तुमको सलाम नहीं किया.” जाताना दारात थांबून मला एवढंच विचारलं, “ये बात सबके सामने बोलोगे?” मी हो म्हणालो. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

अध्यक्षमहाराज, आपल्यासमोर हारांच्या खाली एक लिफाफा आहे. त्यात रेवजीभाऊंचा शेरा खोडून टाकण्याची विनंती आहे, आणि तो शेरा ज्याच्या नावावर हवा त्याचं नाव आहे. माझ्या पदाचं काय करायचं ते मंडळाने ठरवावं. ते रीळ मी भाभींच्या स्वाधीन केलं आहे.

मंडप उभारणाऱ्यांचे, पाहुण्यांचे, इतका वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे मी आभार मानतो. भाषण संपवताना वक्ता बोलण्यातल्या उणिवा पोटात घालायला सांगतो. मीही आजवर शंभर वेळा सांगितलं असेल, सहज. आज हात जोडून मागतो. रेवजीभाऊ, चांदबी भाभी, माफी द्यायची की नाही ते तुमच्या हाती आहे, आणि आजच द्यावी असंही नाही. मुनव्वर सरांकडे तर ती मागताही येत नाही.

मी खाली बसतो.