पाचपैकी पाच

पार्वतीबाई : चांगलं हाय म्हणलं की! किती येळा वदवून घेशील?

करिश्मा : रागावू नका, आजी. चांगलं म्हणजे कसं, एवढंच विचारतेय. आमटी कशी असते?

पार्वतीबाई : आमटी आमटीसारखी असती.

नवनाथ : मॅडम, झालं की आता. आत्या साफ सांगत्यात. पाचपैकी पाच टाका आन् उठा. शेजारी कोंडिबा आबा खाटंवर वाट बघत पडलाय. आत्या भरवतील तवा त्यो जेवणार.

करिश्मा : नवनाथ, गाडी तुम्ही चालवता, डबे वेळेवर देता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आता आजींना बोलू द्या.

नवनाथ : मी काय तोंड दाबलंय व्हय त्यांचं?

पार्वतीबाई : तू कोण म्हणायची, पोरी? ह्यानं नुसतं ‘मॅडम आल्यात’ म्हणून दारात उभं केलं.

करिश्मा : मी करिश्मा. दौंडच्या ज्या किचनमधून तुमचा डबा येतो, त्या संस्थेत मी क्वालिटी बघते. उन्हाळा लागला तेव्हाच रुजू झाले.

पार्वतीबाई : म्हंजी काय करतीस?

करिश्मा : जेवण चांगलं आहे ना, ते बघायचं.

पार्वतीबाई : मग किचनात बघावं. माझ्या दारात काय बघतीस?

करिश्मा : किचनमध्ये सगळं चकाचक आहे, आजी. फरशी, टोप्या, हातमोजे. आज पहाटे मी तिथं आमटी चाखली, फक्कड झाली होती. पण डबे उजाडायच्या आत भरून झाले होते. आणि तुमच्या हातात तो आत्ता पडतोय, भर दुपारी. मधल्या वेळात त्याचं काय होतं, ते किचनमध्ये बसून कसं कळणार मला?

नवनाथ : आज उशीर झाला. तुम्ही गाडीत हुता म्हणून हळू चालवली.

करिश्मा : हळू? पाटसपासून जीव मुठीत धरून बसले होते मी.

पार्वतीबाई : त्याच्या गाडीला नावं ठेवू नगंस. ऊन न्हाई, पाऊस न्हाई, येतो पोरगं.

करिश्मा : नावं कुणालाच ठेवत नाहीये. पण मला एक सांगा, आजी. वर्ष झालं, तुमच्या या राहू गावातल्या एकाही माणसानं पाचाच्या खाली आकडा सांगितलेला नाही. होळीच्या सुमाराला गाडी रस्त्यात बंद पडली, डबे आलेच नाहीत. त्या दिवशीसुद्धा सगळ्यांचे पाचपैकी पाच!

पार्वतीबाई : मग? त्या दिशी नावं ठिवायला आमटीच कुठं आली हुती?

करिश्मा : म्हणजे बाकीच्या दिवशी ठेवण्यासारखं असतं.

पार्वतीबाई : शब्दात धरू नगंस मला.

नवनाथ : मॅडम, हे बरं न्हाई. म्हातारं माणूस हाय. कोर्टात उभं केल्यागत काय विचारताय?

करिश्मा : कारण सोमवारी देणगीदार येणार आहेत, नवनाथ. उत्कृष्ट सेवेचा मान मिळणार आहे आपल्या संस्थेला. शाल, श्रीफळ, फोटो. आणि तो मिळाला की याच किचनमधून नदीपलीकडं शिरूरच्या गावांना डबे सुरू होणार. शंभरेक म्हातारी माणसं. त्यासाठी क्वालिटीच्या माणसाची सही लागते. ते माणूस म्हणजे मी.

पार्वतीबाई : मग कर की सही! त्यास्नी बी मिळू दे.

करिश्मा : काय मिळू दे, आजी? तेच तर विचारतेय मघापासून.

नवनाथ : मिळतंय ते मिळू द्या! मॅडम, स्पष्ट बोलू का? तुम्ही लिहून जाल पुण्याच्या हापिसात. तुमच्या एका आकड्यानं हितं काय हुतं, ठाऊक हाय? भांडगाव ठाऊक हाय का तुम्हाला?

करिश्मा : येताना लागलं की. तिथं आपण थांबलो नाही.

नवनाथ : न्हाईच थांबत. पयलं थांबायचो. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या खंडूमामानं तक्रार केली. एकट्यानंच. तुमच्या हापिसातनं लगेच माणसं आली, लई गोड बोलली, मामाचे आभारबी मानले. आन् दुसऱ्या दिवसापासून भांडगावचा डबा बंद. काय तर म्हणे, सुधारणेसाठी थांबवलाय. अजून थांबलाय. गाव आलं की मी गाडी जोरात काढतो, मॅडम. मामा पारावर बसलेला असतो. हात करत न्हाई, हाक मारत न्हाई. नुसता गाडीकडं बघतो.

करिश्मा : हे मला कुणी सांगितलं नाही.

नवनाथ : कशाला सांगतील? ज्या गावची तक्रार, ते गावच काढून टाकलं. राहिली ती सगळी खूश. झाली की तुमची क्वालिटी!

करिश्मा : खंडूमामांची तक्रार काय होती?

नवनाथ : आमटी फसफसलेली येती म्हणून.

पार्वतीबाई : नवनाथ, गप बस.

करिश्मा : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

नवनाथ : मला नाक न्हाई व्हय? किचनच्या साहेबांना सांगितलं मी. म्हणलं गावं वाढवली, चूल तेवढीच, लई लवकर शिजवावं लागतंय. तर म्हणले, तू गाडी जरा जोरात चालव. तवापासून चालवतोय जोरात. आता तुम्ही म्हणता जीव मुठीत धरला.

पार्वतीबाई : खंडूचं खंडूला ठावं. माझा डबा चांगला असतो.

करिश्मा : एकाच गाडीतून, एकाच टोपातली आमटी, आजी.

पार्वतीबाई : असतो म्हणलं ना!

करिश्मा : बरं. चौदा एप्रिलला वस्तीत जेवण असतं ना तुमच्याकडं?

पार्वतीबाई : असतं की. सगळी वस्ती जेवती.

करिश्मा : त्यात आमटी आंबलेली निघाली असती तर?

पार्वतीबाई : आचाऱ्याला टोपासकट वाटंला लावला असता.

करिश्मा : मग आमच्या आचाऱ्याला का नाही लावत?

पार्वतीबाई : तिथं माझी वर्गणी असती, पोरी. हितं काय हाय माझं? फुकाचं खायाचं आन् वर त्वांड वर करून बोलायचं, हे आपल्याला जमत न्हाई.

नवनाथ : ऐकलं? मॅडम, म्हातारी माणसं आंबट आमटीनं मरत न्हाईत. डबा आला न्हाई, तर मरतात.

करिश्मा : आंबट आमटीनंही मरतात, नवनाथ. जुलाब लागले की या उन्हात म्हातारा जीव किती तग धरेल?

नवनाथ : ...आबाला मागच्या आठवड्यात...

पार्वतीबाई : नवनाथ! ऊन लागलं हुतं त्येला!

करिश्मा : खाटेवरच्या माणसाला, घरात?

पार्वतीबाई : पत्र्याचं घर हाय. लागतं ऊन. तू कवा ऱ्हायलीस पत्र्याखाली?

करिश्मा : दौंडला लहानपण पत्र्याखालीच गेलं माझं, आजी. जाऊ दे. तुम्ही सांगणार नाही, मला कळलं. एक करू या. सकाळपासून मी जेवलेली नाही. तुमच्या डब्यातले दोन घास मला द्या.

पार्वतीबाई : माझ्या डब्यातलं?

करिश्मा : का? चालणार नाही?

पार्वतीबाई : तसं न्हाई गं. थांब, चहा ठिवते. नवनाथ, जा रे, दुकानातनं बिस्किटाचा पुडा आण हिला.

करिश्मा : भरलेला डबा समोर असताना बिस्कीट कशाला?

पार्वतीबाई : पयल्यांदा आलीस घरी. मी भाकरी टाकते की.

नवनाथ : आत्या, तुमचा हात भाजलाय अजून. कुठं चुलीपाशी बसताय?

करिश्मा : हाताला काय झालं?

पार्वतीबाई : काय न्हाई. हात थरथरतो, डोळ्याला दिसत न्हाई, सारखं कुठंतरी भाजतंच. म्हणून तर डबा लावला. ठिव, ठिव तो खाली. तुला म्हणलं ना, ठिव.

(करिश्मा डब्याचं झाकण काढते.)

नवनाथ : मॅडम, नका.

करिश्मा : तुम्ही आत्ताच म्हणालात, आंबट आमटीनं कुणी मरत नाही.

पार्वतीबाई : पोरी, आधी पाणी पी. उन्हातनं आलीस.

करिश्मा : जेवून पिते.

पार्वतीबाई : चपाती कोरडी खा. चपाती बरी असती.

करिश्मा : कोरडी कशाला? आमटी आहे की वाटीभर. बघा, बुडवली. तुम्ही रोज खाता, मला काय होतंय?

पार्वतीबाई : नगं! टाक ते हातातलं! टाक म्हणते ना, आंबलंय ते!

(करिश्मा हातातला घास खाली टाकते.)

पार्वतीबाई : टाकलंस? हात धू. नवनाथ, तिच्या हातावर पाणी घाल. झालं तुझ्या मनासारखं? घेतलंस वदवून?

करिश्मा : तुम्ही तर वाटी जवळही घेतली नाहीत, आजी.

पार्वतीबाई : जवळ कशाला घ्यायला पायजे? झाकण निघालं की घरभर वास सुटतो. थंडीत जरा बरं असतं. ऊन तापलं की रोज हेच.

करिश्मा : मग रोज काय करता?

पार्वतीबाई : उकळवते. चिंच घालते, गूळ घालते, वास मारते त्याचा. मग मी खाते आन् कोंडिबाला भरवते. त्येचं अर्धं अंग गेलंय, वाचा गेलीया. घास नेला की तोंड फिरवतो. मी त्येच्यावर खेकसते. म्हणते, आयतं मिळतंय तर नखरं करतोस व्हय रं? हनुवटी धरून घालते तोंडात.

करिश्मा : आणि त्यांचे पाचपैकी पाच?

पार्वतीबाई : मीच सांगते. त्येला कुठं बोलता येतंय.

नवनाथ : आत्या, मला तरी सांगायचं. चिंच-गुळाचं तरी.

पार्वतीबाई : तुला सांगून काय? तू अजून जोरात गाडी चालवली असतीस.

करिश्मा : भांडगावसारखं होईल म्हणून गप्प होतात?

पार्वतीबाई : व्हय. त्ये एक.

करिश्मा : आणि दुसरं?

पार्वतीबाई : दुसरं तुला काय करायचंय?

करिश्मा : नका सांगू मग.

पार्वतीबाई : माझा बा गावकी करायचा. दिसभर गावाची कामं करायची आन् सांजच्याला दारोदार भाकरी मागायची. शिळी, बुरसलेली, कवा आंबलेलं कालवण. बारकी हुते मी, पण त्यो वास मला अजून वळखू येतो. मग एक दिस सगळ्या वस्तीनं ठरवलं, ही भाकरी आता घ्यायची न्हाई. बानं टोपलं पालथं घातलं. घरात दाणा न्हवता, आय रडाय लागली. बा म्हणला, रडून घे, पण ते पुन्हा ह्या दारात येणार न्हाई. उपाशी ऱ्हायलो आमी. पण न्हाई आणलं पुन्हा.

करिश्मा : आजी...

पार्वतीबाई : त्याची लेक मी. आन् आज माझ्याच चुलीवर ते उकळवते, गूळ घालून दुसऱ्याच्या तोंडात कोंबते. लाज वाटती गं. हे कुण्या तोंडानं सांगायचं हुतं तुला? पाच म्हणणं सोपं हाय.

नवनाथ : आत्या, रडू नका. चूक आमची हाय.

पार्वतीबाई : रडतंय कोण?

करिश्मा : मी सही करणार नाही, आजी. सोमवारी देणगीदारांसमोर हेच सांगणार, साहेबांना आवडो न आवडो. आधी चूल राहूत किंवा जवळपास आली पाहिजे, मग शिरूर. पण खोटं नाही बोलणार तुमच्याशी. माझं ऐकतीलच असं नाही. भांडगावचं केलं तेच तुमचंही करतील. उद्या डबा येईल का, ते मला छातीठोक सांगता येत नाही.

नवनाथ : मग कशाला उकरलंत, मॅडम? आता आबानं काय खायाचं?

करिश्मा : ते मला ठाऊक नाही, नवनाथ. पण हे त्यांना खाऊ घालून मला मान नको.

नवनाथ : तुम्ही नाव तरी लिहू नका. म्हणा, राहूतल्या एकानं सांगितलं.

पार्वतीबाई : का? नाव लिही माझं. पार्वतीबाई, राहू. आकडा काय असतो गं सगळ्यात खालचा?

करिश्मा : एक.

पार्वतीबाई : मग एक लिही. त्यो बी चपातीचा.

करिश्मा : लिहिला.

पार्वतीबाई : नवनाथ, माझा आन् कोंडिबाचा, दोन्ही डबं उचल. गाडीत ठिव आन् जिथनं आणलं तिथं परत ने. ओतून देऊ नगंस, त्यांच्या पुढ्यात उघड.

नवनाथ : नेतो, आत्या. पण आज मग...

पार्वतीबाई : भात टाकते. माझ्या हातानं लई येळ लागंल. करिश्मा, तू तांदूळ निवड, मला खडं दिसत न्हाईत. तू, मी आन् कोंडिबा, तिघं मिळून खाऊ.

करिश्मा : द्या इकडं. पण आबा तोवर थांबतील?

पार्वतीबाई : थांबंल. आधी जाऊन त्येला एवढं सांगून येते, तू तोंड फिरवायचास, त्ये बराबर हुतं.